मुकादमचं दार

वडगाव निंबाळकर
१२ जानेवारी २०२५

श्रीमती जयवंताबाई विहीणबाई यांना हिंदुरावाचा रामराम.

पत्र लिहिण्यास कारण की, मला फोनवर ऐकू येत नाही आणि तुम्हाला मोबाईलवर लिहिता येत नाही. माऊली टेम्पोवाला आमच्या वडगावचा, रोज तुमच्या निमगाव केतकीला पेरू भरायला येतो. त्याच्या हाती हे देत आहे. उत्तरही त्याच्याच हाती द्यावे.

विषय मुकादमचा. निकिताने जर्मनीहून मला एक फोटो पाठवला. तुम्ही व्हिडीओवर तिला कुत्रा दाखवलात, त्यातला. मुकादमच्या पाठीवर हातभर लांब ओरखडा आहे. लेक म्हणते, "आबा, काही नाही, दाराला घासलं." कुत्रा दाराला घासतो याचा अर्थ दार लहान आहे. मी उभी हयात कालव्यावर नोकरी केली. चारी लहान पडली की पाणी काठाला घासते, हे मला कुणी शिकवायला नको.

आपणांस आठवत असेल, लग्नात निकिताबरोबर पाठराखीण म्हणून जायला आमच्यात कुणी पोरगी नव्हती. तेव्हा मुकादमच वरातीच्या गाडीत चढून बसला आणि काही केल्या उतरेना. पाठराखीण चार दिवसांत माघारी येते, हा तीन वर्षे झाली तुमच्याकडे आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आता लेक-जावई दोन वर्षांसाठी परदेशी गेले आहेत, तुम्ही एकट्या, आणि कुत्रा वासराएवढा. त्याचे हाल होत असतील तर स्पष्ट कळवावे, मी येऊन घेऊन जाईन. माझे घर रिकामेच आहे.

आपला,
हिंदुराव


निमगाव केतकी
१५ जानेवारी २०२५

हिंदुराव व्याहीबुवांना जयवंताचा नमस्कार.

पत्र मिळालं. कुत्र्याची तब्येत विचारलीत, माझी राहिली. असो, मी बरी आहे.

आता दाराचं ऐका. ते भोक मुकादमसाठी पाडलेलंच नव्हतं. आमच्याकडं आधी छकुली नावाची कुत्री होती, मांजराहून बोटभर मोठी. तिला येता-जाता यावं म्हणून आमच्या मालकांनी मागच्या पत्र्याच्या दाराला खाली एक चौकोन कापला होता. छकुली गेली, मालक गेले, चौकोन राहिला. मग तुमची पाठराखीण आली. पोरं होती तोवर त्याला दार उघडायला कुणीतरी असायचं. आता मी सकाळी पेरूच्या बागेत जाते ती दिवस मावळायला येते. कोंडून ठेवला तर दाराची चौकट खातो, आणि दार उघडं टाकून जावं तर घरात कोण शिरेल सांगता येत नाही. म्हणून वेल्डिंगवाल्याला बोलावून चौकोन मोठा करून घेतला. त्यानं कापला नेमका, पण पत्र्याची धार तशीच ठेवली. तिथं पाठ सोलली. हळद लावली आहे.

हाल म्हणाल तर दुधाशिवाय भाकरी खात नाही आणि झोपतो माझ्या चपलेवर. असे हाल देव सगळ्यांचे करो.

घेऊन जायचं म्हणता, तर अगदी उद्या न्या. माझी सुटका होईल. फक्त बागेत डुकरं घुसतात, तेव्हा पेरूचा तोडा संपेपर्यंत राहू दे. तोडा झाला की जवारीची राखण आहे. ती झाली की बघू.

जयवंता


वडगाव निंबाळकर
२१ जानेवारी २०२५

विहीणबाई, रामराम.

पाहणी न करता भोके पाडली की असेच होणार. चिंता नसावी. हा प्रश्न मी माझ्या हाती घेतला आहे.

सोबत माऊलीच्या टेम्पोतून एक गेट पाठवत आहे. मी स्वतः उभे राहून करून घेतले. दोन्ही बाजूंना खाचा आहेत, त्यांतून लोखंडी पत्रा वर-खाली सरकतो. वर कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीच्या टोकाला वजन. मुकादमने नाकाने खालची दांडी उचलावी, पत्रा वर जाईल. तो पार झाला की पत्रा आपोआप खाली येईल. चारीच्या तोंडाशी आम्ही अशीच गेटे बसवत होतो, थेंब गळत नसे. पत्रा जाड घेतला आहे. तुमच्या बाजूला उसात बिबट्या दिसल्याचे ऐकतो. हे गेट पाहून तो लांबूनच परत जाईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे गेट बसवल्यावर मुकादमला पुन्हा इजा झाली, तर दोष त्या घराचा समजून मी त्याला घेऊन येईन. मग तोडा असो की राखण.

आपला,
हिंदुराव


निमगाव केतकी
२५ जानेवारी २०२५

व्याहीबुवा,

नाकापेक्षा मोती जड, तसं तुमचं गेट. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. माऊली म्हणाला, "काकी, ह्ये कुत्र्याचं दार हाय का धरणाचं?"

पहिल्या दिवशी बरं चाललं. मुकादमनं नाकानं दांडी उचलली, पलीकडं गेला, परत आला, पुन्हा गेला. मला वाटलं, उगाच नावं ठेवली माणसाला. दुसऱ्या दिवशी मी बागेत निघाले असताना तो माझ्या मागून निघाला आणि दोरी कप्पीतून निसटली. मुकादम बाहेर आला होता, शेपूट यायचं होतं.

व्याहीबुवा, पाण्याला शेपूट नसतं.

तो जो ओरडला, तो अजून माझ्या कानात आहे. मी पत्रा उचलायला गेले तर एकटीला उचलेना. शेजारच्या मुक्ताबाई धावत आल्या, तेव्हा सुटका झाली. जनावरांच्या डॉक्टर रेश्माताई येऊन गेल्या. हाड मोडलं नाही, कातडं गेलं. आता शेपटीला पट्टी आहे. त्यापेक्षा वाईट म्हणजे तो शेपूट हलवतच नाही, आणि मागच्या दाराजवळ नेलं की थरथरतो. गेट काढलं तरी तेच. दिवसभर घरात धरून बसतो आणि मी आले की पुढच्या दारानं बोरीच्या झाडाकडं पळतो. इतका मोठा जीव, माझी वाट बघत पोट दाबून बसतो हे मनात आलं की मला बागेत काम सुचत नाही. त्या दिवशी मी जेवले नाही.

गेट खुराड्यावर झाकण म्हणून ठेवलं आहे. कोंबड्या सुरक्षित आहेत.

जयवंता


वडगाव निंबाळकर
२७ जानेवारी २०२५

विहीणबाई,

पत्र वाचून मन फार खट्टू झाले. कप्पीला आडवी खीळ मारायची राहिली, तो दोष माझा. तुमच्यावर टाकणार नाही.

तथापि ठरले ते ठरले. गुरुवारी मी माऊलीबरोबर येतो आणि मुकादमला घेऊन जातो. इथे त्याला दाराची भानगडच नाही. मी दिवसभर घरात असतो, दार सताड उघडे. पट्टी मी बदलीन. लहानपणी त्याला बाटलीने दूध मीच पाजले आहे.

राग मानू नये. खरे सांगायचे तर निकिता गेल्यापासून या घरात आवाज म्हणजे टीव्हीचा, आणि तोही मला ऐकू येत नाही. मुकादम पायावर डोके ठेवतो ते ऐकायला कान लागत नाहीत.

आपला,
हिंदुराव


निमगाव केतकी
२८ जानेवारी २०२५

व्याहीबुवा,

गुरुवारी येऊ नका, माझा उपवास असतो. व्याह्याला वऱ्याच्या तांदळावर बसवलं तर गाव मला नावं ठेवील. शुक्रवारी बाजारात जायचं आहे. शनिवारी आमच्यात जनावर घराबाहेर देत नाहीत. सोमवारीही देत नाहीत. मंगळवारचं विचारून सांगते.

आणि यायची गरजच काय? वडगावात बसून उंटावरून शेळ्या हाकायचं तुम्ही थांबवलंत, तेव्हा मी नीट बघितलं. पत्र्याच्या कापलेल्या धारेवर ठिबकची जुनी नळी मधून चिरून चढवली, चारही बाजूंनी. हात फिरवला, कुठंही लागत नाही. खालची पट्टी उंच होती, ओलांडताना त्याचं पोट घासायचं. ती कापून खाली घेतली. बाहेरचं अंगण खोल आहे, उडी मारताना पाय मुरगळायचा, म्हणून मुरूम टाकून उतार केला. आणि गेटाऐवजी पट्ट्या लावल्या. फळांच्या कोल्ड स्टोरेजच्या दाराला त्या जाड, मऊ, आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लोंबतात ना, त्या. आमच्या गावातली सोनम पॅकहाऊसला कामाला आहे, तिनं जुन्या काढलेल्या आणून दिल्या. पडल्या तरी शेपटीला लागत नाहीत, आणि पलीकडं काय आहे ते त्याला दिसतं. झोपताना आतून फळी टाकायला दोन कड्या केल्या आहेत, म्हणजे बिबट्यानं यायचं ठरवलं तरी त्याची पंचाईत.

आता फक्त मुकादमनं जायचं राहिलं आहे. मी बाहेर बसून भाकरी दाखवते. तो पट्टीला नाक लावतो, माझ्याकडं बघतो आणि मागं सरकतो. त्याला थोडा वेळ द्या. गुरुवारी येऊ नका.

जयवंता


वडगाव निंबाळकर
४ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई, रामराम.

आपले २८ तारखेचे पत्र माऊलीने मला गुरुवारी निमगावला पोचल्यावर दिले. त्यामुळे ते न वाचताच मी आलो होतो, ही नोंद असावी.

मुकादम येथे सुखरूप आहे. पट्टी सुटली, जखम भरली.

आता महत्त्वाचे. निकिता विचारते आहे की गुरुवारी नेमके काय झाले. मुक्ताबाईंनी कुणालातरी फोटो पाठवला असे कळते. सबब आपल्या दोघांची हकीकत एकच असावी. माझी अशी आहे: मी दुपारी पोचलो. घराला कुलूप होते, आपण बागेत होता. मी मागच्या दाराची पाहणी केली. दार उत्तम आढळले. आपण आल्यावर चहा घेतला. टॉवेल-टोपी स्वीकारली. मुकादम स्वखुशीने टेम्पोत बसला. एवढेच सांगावे.

एक विचारायचे होते. दिवसभर मुकादम ठीक असतो. संध्याकाळ झाली की उंबऱ्यात जाऊन बसतो आणि रस्त्याकडे बघत राहतो. दार उघडे असून बाहेर जात नाही, आत बोलावले तर आत येत नाही. भाकरी तशीच राहते. पोटाचे काही असावे. तुम्ही संध्याकाळी त्याला काय खायला घालत होता ते कळवावे.

आपला,
हिंदुराव


निमगाव केतकी
६ फेब्रुवारी २०२५

व्याहीबुवा,

तुमच्या हकिकतीत एक अक्षर खोटं नाही. फक्त त्या वेळी तुम्ही कुठं होता तेवढं सांगायचं राहिलं.

तुम्ही आतली बाजू बघितलीत, बाहेरची मी सांगते. मी पाटीभर पेरू घेऊन येते तो मुक्ताबाई काठी घेऊन माझ्या मागच्या दाराशी उभ्या. दारातून दोन पाय बाहेर. मुक्ताबाई ओरडतायत, "कोन हाय रं त्यो? बोल, न्हायतर हाणते!" आणि आतून तुमचा आवाज, "मी व्याही हाय! वडगावचा!" त्यावर मुक्ताबाई म्हणाल्या, "व्याही मागच्या दारानं कवापासनं याया लागलं?"

मी पुढून आत गेले. तुमचं डोकं, दोन्ही हात आणि जाकिटाचा वरचा खिसा माझ्या घरात. मी विचारलं, "ह्ये काय चाललंय?" तुम्ही मान वर करून म्हणालात, "पाहणी. कुत्रा का जात न्हाय, ते त्येच्या उंचीवरनं बघाया पायजे. आमी कालव्याच्या मोऱ्यांत असंच शिरायचो." मोऱ्यांत शिरायचात तेव्हा पोट नसेल. कुत्रा केवढाही मोठा असला तरी त्याची कंबर बारीक असते, हे तुम्ही धरलंच नाहीत. त्यात खिशातला चष्म्याचा डबा आडवा झालेला.

आता व्याही घरात आलेला, अर्धा का होईना. त्याला बिनचहाचा कसा ठेवायचा? कप तोंडाला लागेना म्हणून बशीत दिला. टॉवेल-टोपी दिली, तीही तुम्ही तशा अवस्थेत दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलीत. माणूस रीतीला चुकत नाही म्हणतात ते खरं. पुढं पावशेर शेंगतेल गेलं तुमच्यावर. मी आतून ढकललं, मुक्ताबाई आणि माऊलीनं बाहेरून पाय ओढले. ठिबकची नळी नसती तर व्याह्याची पाठ मुकादमसारखीच सोलली असती. दार सुरक्षित आहे, त्याची पाहणी खरोखर झाली.

आणि या सगळ्यात मुकादम तुमच्या तोंडाशी बसून होता. तुम्ही सुटलात आणि तो उठला, पट्ट्यांत डोकं घातलं आणि तुमच्या मागोमाग सरळ बाहेर. मला जे भाकरीनं जमलं नाही ते तुमच्या फजितीनं झालं. मी हसत होते, आणि हसता हसताच बघितलं की तो तुमच्या मागं टेम्पोत चढला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी म्हणाले, "न्या."

ते नुसतं तोंडानं म्हणाले हो. तुम्ही तेल पुसत उभे, अंगणात चार माणसं, माऊलीनं टेम्पो चालू केलेला. तिथं काय बोलणार होते मी?

त्याच्या पोटाला काही झालेलं नाही. संध्याकाळी मी बागेतून येते. ती माझी यायची वेळ आहे.

दार आता असं झालंय की कुणालाही लागणार नाही, आणि त्यातून जाणारा नाही. काल वाऱ्यानं पट्ट्या हलल्या. मी चुलीपुढून उठले आणि दुधात भाकरी कुस्करायला घेतली. अर्धी कुस्करल्यावर कळलं. मग ती तशीच कोंबड्यांना घातली.

व्याहीबुवा, मी मुलाची आई. लग्न ठरलं तेव्हा लोकांनी मला सांगितलं, मागून घ्या, पोरगा इंजिनिअर आहे. मी तुमच्याकडून एक भांडंसुद्धा मागितलं नाही, मानाची साडीही तुम्ही दिलीत ती घेतली. आज तीन वर्षांनी मागते. मुकादम द्या.

जयवंता


वडगाव निंबाळकर
८ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई, रामराम.

तुमचे पत्र मी मुकादमला मोठ्याने वाचून दाखवले. खाली तुमचे नाव आले तसा तो उठून उभा राहिला आणि शेपूट हलवू लागला. मला वाटले योगायोग असेल, म्हणून नाव पुन्हा एकदा वाचले. तिसऱ्यांदा वाचायचे धाडस झाले नाही.

तेव्हा कळले की तो स्वखुशीने टेम्पोत बसला तो मला सोडायला. व्याह्याला वाटेला लावून माघारी यायचे, एवढेच त्याच्या मनात असावे. गाडी वळली नाही त्याला तो काय करणार?

मुलाच्या आईने मागितले आणि मुलीच्या बापाने नाही म्हटले, असे आमच्या घरात आजवर झालेले नाही. पण मानापानासाठी देत नाही. तो तुमचा आहे म्हणून आणून सोडतो. उद्या रविवारी सकाळी माऊलीच्या टेम्पोने आम्ही दोघे निघतो. जेवायला थांबेन. निकिताला खरे काय ते सांगून टाका, तिला हसू दे. परदेशात हसायला निमित्त कमी मिळत असेल.

संध्याकाळी परत येताना टेम्पोत मी एकटाच असेन. ते मला जड जाणार आहे, हे लिहायला लाज वाटत नाही. तेव्हा एवढेच करावे. पुढच्या रविवारी मी पुन्हा निमगावला आलो, आणि त्याच्या पुढच्याही रविवारी आलो, तर का आलात म्हणून विचारू नये.

आपला,
हिंदुराव